चौघांनी उचलायचं

ही घ्या पांघरुणं. उज्ज्वलानं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, तुम्हाला द्यायला सांगितलीत. पहाटे दव पडतं, आणि आमच्या वारूळवाडीची थंडी पुण्याच्या थंडीसारखी शहाणी नाही. हा धंदा तिचा, ह्या खोल्या तिच्या. मला पाहुण्यांशी जास्त बोलायला मनाई आहे. गेणभाऊ बोलले की पाहुणे पुन्हा येत नाहीत, असं तिचं म्हणणं. खरंही असेल.

पण तुमच्या सायकली बघितल्या आणि राहवलं नाही. पाचही भिंतीला टेकवून ठेवल्यात. एकीलाही स्टँड नाही. किंमत सांगू नका, मला झोप लागायची नाही. एवढी महागाची वस्तू आणि तिला स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. गादी सीटला नाही, चड्डीला आहे. आमच्या वेळी उलटं होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. हसा, हसा. तुम्ही हसलात तर सूनबाई मला काही बोलणार नाही.

उद्या कुठून जाणार? मंचर, घोडेगाव, मग डोंगरातून खिंड चढून जुन्नर? अस्सं. आणि हा गुडघा सुजलेला पोरगा? त्याला सकाळी एसटीत बसवणार. तो नको म्हणतोय, हळूहळू येतो म्हणतोय, तरी बसवणार. बरोबर आहे. तुमचा वेग कमी व्हायला नको.

मग बसा जरा. शेकोटी अजून तासभर पुरेल. त्याच रस्त्याची गोष्ट सांगतो. कुणीतरी कुणाला सांगितलेली नव्हे. जुन्नरात माझा इस्माईल म्हणून दोस्त आहे, गाद्या-उशांचं दुकान आहे त्याचं. त्याच्या मुलाच्या बाबतीत घडलेली आहे. मोईज त्याचं नाव. माझ्या मांडीवर मुतलेलं पोरगं. त्याला मी उगाच खोटं पाडणार नाही आणि उगाच मोठंही करणार नाही.

तारीखसुद्धा सांगतो. दोन हजार चोवीस साल, डिसेंबरची तीस तारीख, सोमवार. अमावास्या होती, सोमवती. आमच्याकडची निम्मी माणसं जेजुरीला गेलेली. आणि ह्यांना त्या दिवशी काय काम होतं? तर वर्षाचा आकडा पुरा करायचा होता. तुमच्या मोबाईलमध्ये ते असतं ना, वर्षभरात किती किलोमीटर चालवली, कुठला चढ किती वेळात चढलो, ते. मोईजनं मला दाखवलंय. वर्ष संपायला दीड दिवस राहिला होता आणि आकडा थोडा कमी पडत होता. म्हणून मंचरहून भीमाशंकरला जायचं, परत घोडेगावला यायचं, तिथून खिंडीतून जुन्नर गाठायचं, असं ठरलं. जुन्नरला मोईजच्या घरी जेवण. सायराबानूनं, त्याच्या आईनं, दुपारपासूनच बिर्याणीची तयारी केली होती.

डॉक्टरला बोलवायला नाही, कुणाचा निरोप पोचवायला नाही, पोटासाठी तर नाहीच. नुसतं जायचं आणि यायचं, आणि गेलो-आलो म्हणून जगाला सांगायचं. मला तुमच्यातलं एवढंच समजत नाही. बाकी सगळं समजतं.

चौघं होते. पहिला देवदत्त, पुण्याचा. त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. कॅप्टन कुणी केलं ते विचारू नका, असली माणसं आपली आपणच होतात. दुसरी सोनल, मंचरला दातांची डॉक्टर आहे. बाई धीराची, पायात दम असलेली, पण कॅप्टन म्हणेल ती पूर्व. तिसरा आमचा मोईज. आणि चौथा रामदास.

रामदास डोंगरातला. घरी भात आणि नाचणी, आणि हा मंचरला एका गॅरेजात कामाला. देवदत्तनं आपली जुनी सायकल त्याला विकली होती. विकली, पैसे घेतले, आणि तरी दोन वर्षं तिला 'माझी सायकल' म्हणायचा. रामदासनं तिला गॅरेजात आपल्या हातानं स्टँड बसवला होता. पहिल्याच रविवारी देवदत्तनं तो काढायला लावला. म्हणाला, "ग्रुपचं नाक कापतोस का? रेसिंगच्या सायकलला स्टँड?" रामदासनं काढला. चढावर हा तिघांनाही मागं टाकील असा गडी, पण कधी पुढं जायचा नाही. कॅप्टनला वाईट वाटेल म्हणून. मी त्याला म्हटलं, रामदास, लेका, तू गाढव आहेस. तो म्हणाला, "असंल, भाऊ."

मी हे जे सांगतोय त्यातलं निम्मं त्याच्याकडून ऐकलंय आणि निम्मं मोईजकडून. दोघांचंही एकमेकांशी जुळतं.

घोडेगाव सोडलं तेव्हा अंधार पडला होता. चौघांच्याही सायकलींना पुढं पांढरे दिवे, मागं लाल. वर चढ चढून खिंडीत पोचले तेव्हा आठ वाजून गेले असतील. खिंड ओलांडली की एक वाडी लागते. रामदासच्या मामाचं गाव ते. लहानपणी सुट्टीला तो तिथंच असायचा. त्या रात्री वाडीत दिवा म्हणून नव्हता. घरांना कुलपं. सगळी जेजुरीला.

वाडी संपली की उतार सुरू होतो. आणि उताराच्या तोंडाशी, डाव्या हाताला, रस्त्याला लागून एक दगडी चौथरा आहे. गुडघ्याच्या थोडा वर येतो. सपाट. घासून घासून गुळगुळीत झालेला. दिवसा बघितला तर वाटावं, काय मस्त बाकडं केलंय कुणीतरी.

तो विसावा आहे. तुम्हाला विसावा म्हटलं की रिसॉर्ट आठवत असेल. वाडीतलं कुणी गेलं की तिरडी खांद्यावरून खाली ओढ्याकाठच्या मसणवट्यापर्यंत न्यावी लागते. वाट लांब. म्हणून मध्ये त्या चौथऱ्यावर तिरडी टेकवतात. पुढचे खांदेकरी मागं होतात, मागचे पुढं येतात, खांदा बदलतात आणि पुन्हा उचलतात. त्या दगडाचं काम एवढंच. दुसरं काही तिथं कुणी टेकवत नाही. गवताचा भारा नाही, पाण्याची घागर नाही. दारू पिऊन पडणारासुद्धा तिथं पडत नाही, चार पावलं पुढं जाऊन पडतो.

आणि चुकून कुणी काही टेकवलंच, तर त्याला रीत आहे. एकट्यानं उचलायचं नाही. चौघांनी हात लावून उचलायचं. बायका गवताच्या भाऱ्यासाठी खालून माणसं बोलावून आणतात, पण एकटीनं उचलत नाहीत. एकट्यानं उचललं तर काय होतं, असं मी वाडीत एकदा विचारलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "येकट्यानं कशाला उचलायचं? मानसं मेलीत का?"

हे सायकलवाले थांबले ते नेमके तिथंच. उतारावर वारं लागतं म्हणून जाकिटं घालायची होती, केळी खायची होती. एका बाजूला करवंदीच्या जाळ्या, काटे टायरमध्ये घुसतील. दुसऱ्या बाजूला दरी. सायकल उभी कशी करायची? स्टँड नाही ना. मग चौथरा दिसला. देवदत्तनं आपली सायकल त्यावर आडवी निजवली. तिच्याशेजारी सोनलनं, तिच्याशेजारी मोईजनं.

रामदास जरा मागं होता. तो आला आणि बघतच राहिला.

"भाऊ, हितं नका ठिवू."

"का रे?" देवदत्त केळं सोलत होता.

"विसावा हाय ह्यो. मयताचा."

"मग आपणही विसावाच घेतोय. मेल्यासारखे दमलोय." सोनल हसली. मोईजही हसला, असं तो स्वतःच सांगतो. रामदास सायकल हातात धरून रस्त्यातच उभा. देवदत्तनं ती त्याच्या हातातून घेतली आणि बाकीच्या तिघींवर आडवी टाकली. "पाडशील. माझी सायकल आहे ती."

रामदास समजुतीनं म्हणाला, "बरं, ठिवल्या तर ठिवल्या. आता उचलताना समद्यांनी हात लावा. येकेक उचलू. चौघं हाये आपण, काय अडचण न्हाई."

"चौघांनी? रामदास, कार्बनची आहे. ही बघ." आणि देवदत्तनं रामदासची सायकल बाजूला सरकवली, आपली सायकल एका बोटात अडकवली आणि उचलली. एका बोटावर धरून दाखवली. वजनाचा मोठा अभिमान तुम्हा लोकांना. कुणाची किती हलकी.

सोनल म्हणाली, "थंडी वाजतेय रे, उगाच काय." तिनं तिची उचलली. मोईजनं त्याची उचलली. चौथऱ्यावर एकच राहिली, रामदासची.

"माझ्या सायकलीला तरी हात लावा," रामदास म्हणाला. "जास्त काय नको. येकेक बोट लावा. मिनटाचं काम हाय."

आता बघा. एक मिनिट. बोट लावायचं. खरं मानू नका, खोटं माना, खुळा आहे म्हणा, पण तुमच्याबरोबरचा माणूस म्हणतोय ना, की बोट लावा? पण नाही. देवदत्तनं हँडलवरच्या यंत्राकडं बघितलं. थांबलेल्या वेळानं त्याची सरासरी बिघडत होती.

"तू ये मागून," तो म्हणाला आणि निघाला. त्याच्यामागं सोनल.

मोईज पाय टाकून उभा राहिला क्षणभर. त्यानं मागं वळून बघितलं. रामदास चौथऱ्यापाशी हाताची घडी घालून उभा होता. त्यानं मोईजकडं नुसतं बघितलं. आणि मोईज निघाला.

न बघता गेले त्या दोघांचं मला काही वाटत नाही. डोळे असून आंधळी असलेली माणसं रोज भेटतात. पण हा बघून गेला. इस्माईलचा मुलगा. लाज वाटते मला.

पुढचं मोईजनं सांगितलेलं आहे.

उतार होता. पायडल मारायची गरज नाही, सायकल आपली पळतेय. पुढं देवदत्तचा लाल दिवा, मग सोनलचा, मागं मोईज. वारं कानात. थोडं गेल्यावर मोईजला पुढं तीन लाल दिवे दिसले. त्याला बरं वाटलं. रामदास आला वाटतं, जवळच्या पायवाटेनं पुढं निघाला. देवदत्तही ओरडला, "बघ, आला की नाही! नाटकी साला!"

तो चौथा सगळ्यांच्या पुढं होता आणि त्याच्यामागं तिघं. तुम्ही करता ना, एकामागं एक, पुढच्यानं वारं कापायचं आणि दमला की बाजूला होऊन सगळ्यांत मागं यायचं. तसंच. पण हा दमत नव्हता. पुढंच राहिला. देवदत्तनं दोनदा हाक मारली, "रामदास, मागं ये, मी घेतो पुढं." तो तसाच पुढं.

मग उतार असूनही वेग कमी झाला.

मोईजनं पायडल मारायला सुरुवात केली. उतारावर. तरी सायकल जड. ब्रेक चिकटला असेल म्हणून त्यानं चाकाकडं बघितलं. चाक मोकळं फिरत होतं. कार्बनची सायकल, आणि पोती लादल्यासारखी चाललेली. त्यानं मान वर केली. पुढं देवदत्त आणि तो चौथा, दोघं शेजारी शेजारी चालले होते. सोनल मागं येऊन मोईजच्या बाजूला आली होती. ती मागं आली की आपणच पुढं गेलो, मोईजला कळलं नाही. दोघं पुढं, दोघं मागं. मधे जागा मोकळी.

माणूस आडवा मावेल एवढी.

मोईजनं जोर लावला, ती जागा भरून काढायला. भरेना. सोनलनंही लावला असेल. तीही तिथंच. अंतर तेवढंच राहिलं. वेगही आता पायी चालण्याचा. एवढ्या हळू सायकल चालवली की तोल जातो. त्यांचा गेला नाही. कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरल्यासारख्या सायकली सरळ चालल्या होत्या...

वारं थांबलं होतं. म्हणून आवाज ऐकू आला.

पुढून. पावलांचा. अनवाणी पावलं डांबरावर. एक... एक... एक...

आणि मधल्या जागेतून दुसरा एक आवाज. ओला बांबू ओझ्यानं करकरतो, तसा.

मोईजनं ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. त्यानं सोनलकडं बघितलं. तिचा उजवा खांदा खाली गेला होता. तेव्हा त्याला कळलं की आपलाही गेलाय. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. त्यानं कलमा पढायला तोंड उघडलं. मनात पढला. बाहेर काही आलं नाही...

मागं फिरावं? मान वळेना.

असे किती वेळ चालले, तो सांगू शकत नाही. मधेच पुढचे थांबायचे. मागचे थांबायचे. मग खांदा दुखायचा बंद व्हायचा. आणि दुसरा दुखायला लागायचा...

खाली ओढा आला. तिथं पत्र्याची शेड आहे. मसणवट्याची. रस्त्याच्या कडेलाच.

पुढचा थांबला. सगळे थांबले.

आणि उभेच राहिले...

ठेवायचं तर ठेवता येईना. जायचं तर जाता येईना. देवदत्तच्या शेजारी तो उभा. तो ठेवत नव्हता. त्याला घाई नव्हती...

...

लाकूड टाक रे त्या शेकोटीत. नाही, मला थंडी नाही वाजत. टाक तू.

आता वर रामदासचं. हे तिघे निघून गेल्यावर तो चौथऱ्यापाशी थांबला. सायकलीला हात लावला नाही. थंडीनं दात वाजायला लागले तरी उभा. गाडी येईल कुणाची तरी, असा हिशेब. आणि आली. जेजुरीहून परतणारी एक पिकअप. मागं पाच-सहा माणसं दाटीवाटीनं, अंगावर भंडारा, झोपेनं पेंगुळलेली. दिव्यात चौथऱ्यावरची सायकल दिसली, तशी ड्रायव्हरनं न विचारता गाडी बंद केली.

मागून बयाबाई म्हणून एक म्हातारी उतरली. "कुनाचं टेकलं?"

"माझं," रामदास म्हणाला.

"थांब." तिनं आणखी दोघांना हाक मारली. "उतरा रं. हात लावायचाय."

झोपेतून उठलेली माणसं उतरली. कुणी का म्हणून विचारलं नाही. कुणी घड्याळ बघितलं नाही. चौघांनी हात लावला, सायकल उचलली, रस्त्यावर ठेवली. बयाबाईनं त्याच्या कपाळाला चिमूटभर भंडारा लावला आणि पिकअप पुढच्या वळणावरून तिच्या वाडीच्या कच्च्या रस्त्याला लागली. मिनिटाचं काम म्हणाला होता ना तो? तेवढंही लागलं नाही.

रामदास एकटा उतार उतरून आला. ओढ्यापाशी त्याला तीन लाल दिवे दिसले. त्याला वाटलं, थांबलेत आपल्यासाठी. असा खुळा माणूस.

जवळ गेला तर तिघंही सायकलीवर बसलेले. पाय जमिनीला. उजवा खांदा खाली. डोळे समोर. सोनलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला तिचा हात उठत नव्हता. देवदत्त डाव्या बाजूला, मागं सोनल आणि मोईज, आणि देवदत्तच्या उजव्या हाताला...

मी रामदासला विचारलं, तुला कोण दिसलं तिथं?

तो म्हणाला, "कोन न्हाई, भाऊ. जागा दिसली."

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाला, "माझी जागा."

आता तुम्ही मनाशी खरं सांगा, त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतंत? मी काय केलं असतं ते मी सांगतो. मी बाजूनं सायकल काढली असती आणि म्हणालो असतो, या मागून. आणि जुन्नरला जाऊन सायराबानूची बिर्याणी खाल्ली असती. मला त्याचं काही वाटलं नसतं.

रामदासनं सायकल रस्त्यात आडवी टाकली. पुढं गेला. देवदत्तच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिला, खांदा घातला. आणि रिकाम्या जागेला म्हणाला,

"सरक. माझी जागा हाय ती."

...

काही झालं नाही. बराच वेळ.

मग त्याच्या खांद्यावर ओझं आलं. एकदम. गुडघे वाकले त्याचे. गॅरेजात गिअरबॉक्स उचलणारा माणूस, गुडघे वाकले. तो एवढंच म्हणाला, "आता हळू. संगट. खाली."

चौघं वाकले. सायकलीवरून उतरले कधी, सायकली पडल्या कधी, कुणाला आठवत नाही. चौघं वाकले... हात जमिनीकडं गेले...

टेकलं.

शेडमधली राख उडाली. वारं नव्हतं.

आणि खांदे मोकळे झाले.

त्यानंतर देवदत्तनं पहिलं काम काय केलं माहीत आहे? हँडलवरचं यंत्र बंद केलं. बटण दाबल्याचा आवाज मोईजला अजून आठवतो. मग सायकल उचलली आणि निघाला. रामदासला एक शब्द नाही. सोनलनं मात्र त्याचा हात धरला होता थोडा वेळ.

जुन्नरला पोचले. बिर्याणी कुणी खाल्ली नाही. सायराबानूला वाटलं, चव बिघडली.

पुढं देवदत्तनं सगळीकडं सांगितलं की थंडीत उपाशीपोटी साखर उतरली, भास झाले, आणि डोंगरातल्या माणसाला ग्रुपमध्ये घेतलं की असले वहम येतात. रामदासला ग्रुपमधून काढलं. रामदासला फरक पडला नाही. त्यानं स्टँड पुन्हा बसवला आणि आता एकटाच त्या रस्त्यानं मामाकडं जातो, रात्रीबेरात्रीसुद्धा. सोनल सायकल चालवते, पण अंधार पडायच्या आत घरी असते. तिच्याही सायकलीला आता स्टँड आहे, मी स्वतः बघितलाय मंचरला, दवाखान्याच्या दारात.

देवदत्तला काही झालं नाही. तुम्हाला वाटलं असेल, त्याला काहीतरी होईल. तो ठणठणीत आहे. गेल्या वर्षीचा आकडा आदल्या वर्षापेक्षा जास्त आहे म्हणे. त्याला कशाला काय होईल? खांदा असावा लागतो त्याला.

मोईजनं सायकल विकून टाकली. दुकानात बसतो. आईबापाच्या खोलीत झोपतो, एवढा मोठा घोडा. दाराला आतून कडी असते आणि कडीजवळ इस्माईल झोपतो. रात्री कुणी उठत नाही, कुणी बाहेर जात नाही. इस्माईलची झोप सशाची, तो शपथेवर सांगतो.

पण मोईजचे शर्ट टिकत नाहीत.

पहिल्यांदा सायराबानूच्या लक्षात आलं. ईदला शिवलेला शर्ट. कॉलर कोरी, कोपर शाबूत, बटणं जागच्या जागी. खांद्यावर तेवढा विरलेला. उजव्या. आतून बोट दिसावं इतका. तिनं रफू केलं. दुसरा शर्ट काढला. तोही तिथंच. दुकानात बसणारा माणूस, गादीची पोती हमाल उचलतात. ह्याच्या खांद्यावर काही नसतं. मग थोड्या दिवसांनी उजवा थांबला...

आणि डावा झिजायला लागला.

गेल्या जुम्म्याला मी जुन्नरला गेलो होतो. मोईज गल्ल्यावर होता, मला बघून हसला, चाचा चहा घ्या म्हणाला. इस्माईल मला आत घेऊन गेला, कपाटातून एक पांढरा शर्ट काढला आणि माझ्या हातात दिला. आठवड्यापूर्वी आणलेला. दुकानाची चिठ्ठीसुद्धा कॉलरला तशीच.

मी तो उजेडाकडं धरला.

पुन्हा उजवा.